दोन बहिणाबाई

शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज एक सुविचार लिहावयाचा, हे काम कितीतरी वर्षे माझ्याकडे होते. मराठीचा शिक्षक म्हणून ते ओघानेच माझ्याकडे आले होते, आणि सुविचारांची ददात मला कधी पडली नाही. ज्ञानोबा-तुकोबांपासून बहिणाबाई चौधरींपर्यंत एवढी संपत्ती पदरी असताना ती पडावी तरी कशी? त्यातही बहिणाबाईंच्या ओळी मी अधिक लिहीत असे. आमचे सोयगाव जिल्ह्याने छत्रपती संभाजीनगरचे, माझ्या नोकरीच्या काळात औरंगाबादचे. परंतु गाव वसले आहे घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगराची भिंत पाठीशी आणि तोंड खानदेशाकडे. बाजारहाट, सोयरीक, बोली हे सारे जळगावच्या अंगाचे. बहिणाबाईंची भाषा आमच्या पोरांना शिकवावी लागत नाही. तिच्यातले ‘मले’ आणि ‘तुले’ ती घरूनच घेऊन येतात.

2012 सालचा पावसाळा मराठवाड्यात जवळजवळ कोरडाच गेला. त्या हिवाळ्यात एके दिवशी मी फळ्यावर बहिणाबाईंची संसारावरची ती सर्वतोमुखी असलेली ओळ लिहिली. हाताला आधी बसणारे चटके आणि मागाहून मिळणारी भाकरी यांच्याविषयीची. अक्षर चांगले आले होते. मी दोन पावले मागे सरून ते पाहत होतो. तेवढ्यात शाळेची खिचडी शिजविणारी बाई पाण्याची कळशी घेऊन मागे येऊन उभी राहिली. चार-पाच इयत्ता शिकलेली, अक्षर लावून वाचणारी. दोन-अडीच महिन्यांपूर्वीच तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपविले होते. विहीर आटली होती, कापूस गुडघ्याएवढाही झाला नव्हता, आणि देणे मात्र डोक्याएवढे झाले होते. अधिक तपशील दिवाळीच्या अंकात सांगावयाचे कारण नाही. बाईने ओळ वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि मला विचारले, “गुरुजी, हे म्हनताना ती बाय हासत व्हती का वो?”

मी काहीतरी पुटपुटलो. ती कळशी घेऊन निघून गेली. तिच्या स्वरात राग नव्हता, खोचही नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. मी तीस वर्षे कविता शिकविली, कवितेवर परीक्षेचे प्रश्न काढले, ‘कवयित्रीचा जीवनविषयक दृष्टिकोन स्पष्ट करा’ या प्रश्नाच्या हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. पण कवयित्री ते म्हणत असताना तिचा चेहरा कसा होता, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आज पाहावयास गेले तर तोच प्रश्न कोणत्याही टीकाकाराचा पहिला प्रश्न असावयास हवा. ही ओळ कोण म्हणते आहे? कोणाला उद्देशून म्हणते आहे? आणि ती म्हणताना तिच्या घरात काय घडत होते?

सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु आमच्या भागातली दिवाळी कापसाच्या पहिल्या वेचणीवर अवलंबून असते, आणि ती वेचणी बरी झाली नाही तर ज्या घरात फराळाचे डबे भरत नाहीत त्या घरातही पणती लावलीच जाते. ती पणती लावणारीचा देवावर विश्वास असतो म्हणजे नक्की काय असते, हे सांगणारे दोन ग्रंथ आमच्या अगदी उशापायथ्याशी आहेत. दोन्ही ग्रंथ बायकांचे. दोघींचे नाव एकच, बहिणाबाई. सोयगाव या दोघींच्या मधोमध पडते असे मी म्हटले तर भूगोलाचे शिक्षक मला फार बोलणार नाहीत. एक घाटावरची, याच जिल्ह्यातल्या देवगावात जन्मलेली आणि शिऊरला समाधिस्थ झालेली. दुसरी घाटाखालची, जळगावजवळच्या आसोद्याची. दोघींत अडीचशे वर्षांचे अंतर आहे.

पहिलीविषयी आधी सांगतो, कारण दुसरीच्या मानाने ती आज विसरली गेली आहे. शाळेतल्या पोरांना ‘संत बहिणाबाई’ म्हटले की ती आसोद्याच्या बहिणाबाईंचेच नाव घेतात, आणि शिक्षकांपैकीही सगळेच ती चूक दुरुस्त करीत नाहीत. ही बहिणाबाई 1628 साली जन्मली आणि 1700 साली गेली. कुलकर्ण्याच्या घरची ही पोर तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराला दिली गेली. भाऊबंदकी आणि देणे यांपायी सारे कुटुंबच रातोरात गाव सोडून निघाले आणि ठिकठिकाणी भटकत कोल्हापुरास पोचले. तेथे नवऱ्याला एक गाय दान मिळाली. गाईच्या वासराला या पोरीचा असा लळा लागला की, तिच्यावाचून ते चारापाण्याला तोंड लावीना. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते तिच्या मागोमाग जाई. लोकांत बोलबाला झाला. नवऱ्याला तो सहन झाला नाही. त्याने तिला बांधून मारले. पुढे ते वासरू मेले, ही बेशुद्ध पडली, आणि त्या ग्लानीत तिला तुकोबांनी दर्शन दिले. देहूचा वाणी आणि कुणबी, त्याला ब्राह्मणाच्या घरातली बाई गुरू मानते म्हटल्यावर घरात काय झाले असेल ते वेगळे सांगावयास नको.

हे सारे तिने स्वतःच आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगितले आहे. मराठीत एका स्त्रीने आपले चरित्र आपल्या तोंडाने सांगितल्याचे इतके जुने उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही. जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याला त्याचे मोल कळले आणि 1929 साली त्याने ते इंग्रजीत नेले. आपल्याकडे मात्र तिचे नाव वारकरी परंपरेच्या मंदिराची इमारत वर्णन करणाऱ्या त्या एका प्रसिद्ध अभंगापुरते उरले. तो अभंग कीर्तनात म्हणावयास सोपा आहे. तिचे आत्मनिवेदन कीर्तनात म्हणणे तितके सोपे नाही.

आणि याचे कारण त्यातल्या एका जागेत आहे. मला ती जागा सबंध संतवाङ्मयातल्या अत्यंत प्रामाणिक जागांपैकी एक वाटते. नवरा वैतागून घर सोडून जावयास निघतो. बाई गरोदर आहे. त्या क्षणी ती काय करते? देवावर भार टाकून निश्चिंत होते काय? नाही. ती मनाशी हिशेब मांडते की, पंढरीचा विठ्ठल हा दगडाचा, आणि तुकोबा तर आपण फक्त स्वप्नात पाहिलेला; या दोघांपायी आपण डोळ्यांपुढचा संसार का गमवावा? नवरा हाच देव मानून आपण त्याच्या पायाशी राहू, असे ती ठरविते. जिच्या भक्तीचा डांगोरा पुढे तीनशे वर्षे पिटला गेला त्या बाईने आपला विश्वास कोणत्या क्षणी ढासळला होता, ते लपवून ठेवले नाही. अभंगात घालून ठेवले. पुढे नवरा आजारी पडतो, ती त्याची शुश्रूषा करते, त्याला पश्चात्ताप होतो आणि दोघे देहूला जातात. शेवट गोड आहे. परंतु तो गोड शेवट आधी ठाऊक असल्याप्रमाणे ती मधला भाग सांगत नाही, हे तिचे मोठेपण.

तिच्या काव्याचा एक दुसरा भागही आहे, आणि त्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. मरणसमयी तिने आपला मुलगा विठोबा याला आपल्या मागल्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. हा तेरावा जन्म. बारा जन्मांचा तो हिशेब मांडला की या जन्मातल्या प्रत्येक दुःखाला जागा सापडते. भाविकांना तो भाग फार प्रिय आहे, आणि कोणाची श्रद्धा दुखवावी असा माझा हेतू नाही. परंतु वाचक म्हणून मला तो भाग फिका वाटतो. स्त्रीचा देह देऊन आणि वेदमंत्राचा अधिकार नाकारून देवाने आपणांस परमार्थाची वाटच का बंद केली, असे जेथे ती तरणी बाई विचारते तेथे अक्षरन् अक्षर जिवंत आहे. जेथे ती म्हातारपणी उत्तर देते तेथे पंचांग उघडल्यासारखे वाटते.

तिच्या गुरूचेही तसेच आहे. 1630 च्या सुमारास जो भीषण दुष्काळ पडला त्यात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला. बायको अन्नावाचून गेली, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आणि त्याच तुकोबांनी, देवा, दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडिले तेही बरे झाले, अशा आशयाचा अभंग लिहिला. हा अभंग मी दशक्रियेच्या प्रवचनांत किती वेळा ऐकला असेन याची गणती नाही. त्या खिचडीवाल्या बाईच्या नवऱ्याच्या दहाव्यालाही ऐकला. प्रवचनकार कोठला होता ते सांगून उपयोग नाही. तसे पुष्कळ असतात. आवाज गोड होता. नदीच्या कोरड्या वाळूत मांडव घातला होता, बाई बायकांच्या घोळक्यात पदर पुढे ओढून बसली होती, आणि ध्वनिक्षेपकावरून तिला सांगण्यात येत होते की जे झाले ते बरेच झाले.

तेव्हा मला फक्त अस्वस्थ वाटले होते. त्या अस्वस्थपणाचे कारण आज मी सांगू शकतो. तुकोबा ‘बरे झाले’ म्हणतात ते स्वतःच्या दिवाळ्याला, स्वतःच्या घरातल्या मरणाला. त्या वाक्याचा कर्ता प्रथमपुरुषी आहे. त्याची किंमत त्यांनी आधी भरली आहे, आणि म्हणूनच ते वाक्य कानाला क्रूर लागत नाही. तेच वाक्य द्वितीयपुरुषी करा, म्हणजे ‘बाई, तुझे बरे झाले’ असे करा, आणि पाहा. शब्द तेच, अर्थ मात्र निर्दयपणाचा होतो. देवावरचा विश्वास बोलून दाखविणारे वाक्य फक्त एकाच पुरुषात खरे असते असे मला वाटू लागले आहे. ज्याचे जळते त्याने ते म्हणावे. आम्ही व्याकरण शिकविणारे लोक. पुरुष बदलला की क्रियापद बदलते एवढे पोरांना घोकून घेतो, आणि फळ्यावर ओळ लिहिताना मात्र तोच पुरुष बिनदिक्कत पुसून टाकतो. मी त्या दिवशी फळ्यावर नेमके तेच केले होते.

आता घाटाखालच्या बहिणाबाईंकडे येतो. 1880 साली आसोद्याला जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरी लग्न, तिशीच्या आसपास वैधव्य. पदरी तीन मुले. लिहिता-वाचता येत नसे. शेतात, जात्यावर, चुलीपाशी तोंडाने जे येई ते सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर टिपून ठेवीत. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने बाहेर आली. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. 2018 साली तर उत्तर महाराष्ट्रातल्या विद्यापीठालाच त्यांचे नाव देण्यात आले. अत्र्यांचे ऋण मराठी रसिक कधी फेडू शकणार नाही. परंतु त्या पुस्तकाभोवती पुढे जे कौतुक उभे राहिले त्यात निरक्षर बाईच्या तोंडून निघालेले तत्त्वज्ञान हा चमत्कारच लोकांना अधिक भावला. चमत्कार म्हटला की त्यातली वाक्ये सुटी काढून वाटता येतात. दिनदर्शिका, लग्नपत्रिका, बँकेच्या भिंती, शाळेचे फळे. त्यांच्या गाण्यातले सुविचार तेवढे सुटले आणि गाणी पुस्तकात राहिली.

म्हणून त्यातले एकच गाणे घेऊन पाहू. दारावर जोशी आला आहे. हात दाखवा म्हणतो. गाणे आरंभ करते तेच कपाळापासून. कर्माची रेघ कुंकवाखाली लपली होती. कुंकू पुसले गेले आणि ती उघडी पडली. ‘कर्माची रेघ’ हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात इतका झिजलेला आहे की तो कोणी वापरला तर आपण थांबतही नाही. येथे मात्र कुंकवाची जागा रिकामी झाल्यावर तेथल्या कातडीवर जो फिकट वण दिसतो, तो दिसतो. मग ती देवाकडे वळते. आणि काय म्हणते? माझ्यावर का कोपलास असे म्हणत नाही. तुझी इच्छा असेही म्हणत नाही. ती म्हणते की, देवा, तुझ्याही घरचा धनाचा झरा आटला दिसतो. आणि आपला तळहात पुढे करते. तो धनरेषेच्या भेगेने फाटलेला आहे.

ही ओळ मी मुलांना शिकविताना ‘उपरोध’ असे नाव देऊन मोकळा होत असे. उपरोध त्यात आहे हे मला आजही मान्य आहे. परंतु ज्याने आमच्याकडचा मे महिना पाहिला आहे त्याला त्यात आणखी काही ऐकू येईल. उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या विहिरीवर पाण्याला जावे आणि वाकून पाहावे तो तिचाही तळ दिसावा. अशा वेळी शेजाऱ्याशी कोणी भांडत नाही. ‘तुझीबी आटली का रे बाबा’ म्हणून रिकामी कळशी घेऊन परततात. बहिणाबाईंचा देव त्या गाण्यात असा शेजारी झाला आहे. तो सर्वशक्तिमान असून हात आखडून बसलेला नाही. त्याच्याही घरी टंचाई आहे. धर्मशास्त्राला हे चालेल की नाही मला सांगता येत नाही; ईयोबाच्या ग्रंथात त्या बिचाऱ्या माणसाला वावटळीतून जो देव उत्तर देतो तो आकाशाएवढा प्रचंड आहे आणि ईयोब त्याच्यापुढे गप्प होतो. आसोद्याच्या बाईला गप्प करणारा देव भेटलेला नाही. तिचा देव तिच्याच वाड्याला लागून राहतो, आणि नड असली म्हणून तिने त्याच्याशी बोलणे टाकलेले नाही.

कारण पुढे ती त्याच्याजवळ मागतेही. मागणे केवढे? डोळ्यांपुढची दोन लेकरे सुखी राहोत. बस्स. यातच नशीब सगळे आले, मग पंचांग आणखी काय सांगणार? तळहातावरच्या रेघोट्यांना ती नशीब मानीत नाही. जोशाच्या थापा खऱ्या असोत की खोट्या, तिला त्या नकोत. शेवटी ती त्याला दारातून परत पाठविते. देव राहतो आणि जोशी जातो. या गाण्याचा सारा नाट्यमय बांधा एवढ्यावर उभा आहे. दैवाची खबर आणणाऱ्याला हाकलावयाचे आणि देवाशी मात्र बोलत राहावयाचे. जो दुःखाचे कारण सांगावयास येतो त्याला दारातून आत घ्यावयाचे नाही. घाटावरच्या बहिणाबाईंनी शेवटी बारा जन्मांचे पंचांग मांडून घेतले. घाटाखालच्या बहिणाबाईंनी ते मिटून ठेवले. कोण श्रेष्ठ हा प्रश्न मी काढीत नाही. पण मला कोण जवळची वाटते हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

आणि या गाण्यात दुसऱ्या कोणाला एक शब्दाचाही उपदेश नाही. वैधव्यावरच्या त्यांच्या दुसऱ्या गाण्यातही ‘रडू नको’ असे म्हटले आहे, परंतु ते स्वतःच्या जिवाला म्हटले आहे, रडून रडून डोळ्यांतले पाणी संपल्यावर. कीव करावयास आलेल्या शेजारणींना तर त्या सरळ सांगतात की माझी कीव करू नका. म्हणजे चटक्यांची आणि भाकरीची ती ओळसुद्धा मुळात कोणाच्या तोंडची? तव्यापुढे बसलेल्या, बोट भाजलेल्या बाईने स्वतःशी म्हटलेली. ती मी तव्यापासून उचलली आणि दुसऱ्या एका बोट भाजलेल्या बाईपुढे फळ्यावर टांगली. ती हसत होती का, या प्रश्नाचे उत्तर मला आता देता आले असते: बाई, ती तुला म्हणतच नव्हती.

आमच्या तालुक्यात जगप्रसिद्ध अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे अजिंठ्याची लेणी. पाहुण्यांना ती दाखविण्याचे भाग्य आमच्या वाट्याला नेहमी येते. सोळाव्या लेण्यात, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरविलेल्या त्या विहारात, एक चित्र आहे. वाटाडे त्याला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणतात. बुद्धाचा धाकटा भाऊ नंद भिक्षू झाला. त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला आणि ते पाहून त्याची बायको कोसळली, ती ही. येथे देव नाही. या धर्माने तो प्रश्नच बाजूला ठेवला. दुःख आहे, हे त्याचे पहिले सत्य. पण माझे लक्ष नेहमी दुसरीकडेच जाते. नंदाला शांती मिळाली हे सांगणाऱ्या कथेत त्या चित्रकाराने भिंतीचा एवढा थोरला भाग त्या पडलेल्या बाईला दिला, तिच्या खांद्याला आधार देणाऱ्या दासीला दिला, आणि तिथे कोठेही ‘हे बरेच झाले’ असे सुचविले नाही. शांतीच्या धर्माची ती गुहा, पण बाईची मान वळलेली आहे ती वळलेलीच राहू दिली. आमच्या प्रवचनकारांना मी एकदा त्या लेण्यात न्यावे असे मला फार वाटते. तिकीट मी काढीन.

विश्वास म्हणजे मुकाट्याने सोसणे, ही समजूत आमच्या बायकांत मुळी कधी नव्हतीच. 1972 च्या दुष्काळात मी सतरा वर्षांचा होतो. कॉलेज सोडून दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात होतो. दुपारची सुकडी खाऊन झाली की बायका पळसाच्या विरळ सावलीत बसत आणि कोणीतरी ओवी धरी. त्या ओव्यांतून विठोबाचा जो उद्धार चाले तो मी तरण्या वयात तोंड लपवून ऐकला आहे. माझी आजी त्यात पुढे असे. पुढे जनाबाईचे अभंग वाचले तेव्हा कळले की ही जुनीच वहिवाट आहे; गंगाखेडच्या त्या दासीने तर विठ्ठलाला शिव्या घालताना त्याच्या बायकोलाही सोडलेले नाही. आजी मात्र ओवी संपली की हातोडी उचलताना ‘इठ्ठल’ म्हणूनच उचली. मी तिला एकदा विचारले की आत्ताच त्याला बोललीस आणि आता त्याचेच नाव घेतेस? ती म्हणाली, “मंग दुसऱ्या कोनाले बोलू? सरकारले?”

मग असल्या विश्वासात उरते काय, असे एखादा आधुनिक वाचक विचारील. कर्जाचे हप्ते आहेत, 2017 साली गुलाबी बोंडअळीने जे केले ते आहे, भाव पडतात ते परदेशी बाजारात पडतात. यात देवाशी बोलून काय होणार? या प्रश्नाला माझ्यापाशी तत्त्वज्ञानाचे उत्तर नाही. एक रीत मात्र सांगतो. आमच्याकडे काही शेतकरी कापसाची धूळपेरणी करतात. पाऊस पडण्यापूर्वीच, कोरड्या धुळीत बी टाकतात. पाऊस वेळेवर आला तर पीक पंधरवडाभर पुढे असते. न आला तर बी किडा-मुंगीच्या तोंडी जाते आणि दुबार पेरणीला पुन्हा उसनवारी. बहिणाबाईंचे देवाला गारुडी म्हणणारे गाणे, धरतीच्या पोटात निजलेल्या बियाण्याचे, हे अशा माणसाचे गाणे आहे. शाळेत आम्ही ते ‘निसर्गवर्णन’ या सदरात शिकवितो. परंतु ज्याने सावकाराच्या पैशाने बी धुळीत टाकले आहे आणि जो आठ दिवस आभाळाकडे पाहतो आहे त्याला ते निसर्गवर्णन वाटणार नाही. मातीखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. पाऊस नक्की येईल अशी त्याची खात्री असते असेही नाही. त्याने बी टाकलेले असते एवढेच.

माझी ही धूळपेरणीची तुलना थोडी सोयीची आहे, हे मला ठाऊक आहे. तिने पेरले तर तिचे उगवते, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. कित्येकांचे उगवत नाही. त्या बाईच्या नवऱ्याचे उगवले नव्हते, आणि तोही माळकरी होता. त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणणारा माणूस माझ्या घरात आला तर मी त्याला पाणी देईन, पण बसावयास सांगणार नाही.

सेवानिवृत्त होऊन मला आता बरीच वर्षे झाली. त्या बाईची मुलगी कॉलेजात जाऊ लागली आणि अधूनमधून पुस्तके न्यावयास माझ्याकडे येते. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस असा कोसळला की सुकाळाचीच भीती वाटावी. बाईच्या वावरातले पाणी आठ दिवस हटले नाही. खालची बोंडे काळी पडली. त्यानंतर एका संध्याकाळी मायलेकी आमच्या ओसरीवर बसल्या होत्या. मुलीने बहिणाबाईंचे पुस्तक मागितले. मी ते काढून दिले, पण या खेपेस काही सुचविले नाही. तिने आपणच चाळता चाळता जोशाचे गाणे काढले आणि आईला वाचून दाखवू लागली. बाई पदराने पाय पुसत ऐकत होती. कपाळाच्या रेघेपाशी तिने मान खाली घातली. देवाच्या घरचा झरा आटल्याची ओळ आली तेव्हा ती एकदम हसली, अगदी मोठ्याने, आणि तोंडावर हात घेऊन माझ्याकडे पाहू लागली.

“काय म्हने? देवाच्या घरचा?” ती मुलीला म्हणाली. “पुन्यांदा वाच.”

मुलीने पुन्हा वाचले. तेवढ्यात वीज गेली, आणि राहिलेले गाणे तिने मोबाईलच्या उजेडात वाचून पुरे केले.